ऐनाची ढोली: खानापूर तालुक्यातलं तोई पोपटांचं एक प्रकरण

पोपटाची पिल्लं काढून विकण्याचे प्रकार बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर तालुक्यात नवे नाहीत. हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतोय ते झाडासाठी. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी, जांबोटीच्या अलीकडच्या एका गावात तोई पोपटाची तीन पिल्लं एका पोराकडे सापडली. दुसऱ्या दिवशी त्यातली दोन ढोलीत परत गेली. एवढ्यावर सगळं मिटलं असतं, तर त्यात लिहिण्यासारखं फारसं नव्हतं. पण आठवडाभरात त्या झाडावरच कुऱ्हाड पडायची वेळ आली, आणि ती वेळ पिल्लं विकणाऱ्यांमुळे आली नव्हती.

गावाचं आणि माणसांची नावं मुद्दाम देत नाही. शेताच्या मालकांना गाव आप्पा म्हणतं, मीही तेच म्हणेन.

जागा आणि पक्षी

खानापूरहून जांबोटीकडे निघालं की आधी भातशेती, मग माळ, मग रान अशी जमीन बदलत जाते. मलप्रभेचा उगम कणकुंबीला. तिथवर पोचेपर्यंत दाट, ओलं, बारमाही हिरवं जंगल सुरू झालेलं असतं. त्या ओल्या पट्ट्यात निळ्या पंखांचा पोपट राहतो. तो सह्याद्री सोडून जगात दुसरीकडे कुठेच नाही. उलट बाजूला, बेळगावच्या कॅम्पातल्या जुन्या झाडांवर किंवा गावातल्या वडा-पिंपळावर कलकलाट करतो तो कीर. या दोघांच्या मधला पट्टा, म्हणजे पानगळीचं रान आणि त्याला चिकटलेली शेतं, हे तोईचं राज्य.

नर तोई एकदा नीट बघितला की विसरत नाही. डोकं पिकल्या जांभळासारखं, गालाकडे लालसर आणि मानेकडे निळसर होत जाणारं. त्याखाली काळी बारीक कंठी, अंग पोपटी-पिवळं, खांद्यावर तांबडा ठिपका, शेपटी निळी आणि तिचं टोक पांढरं. मादीचं डोकं राखी-निळं असतं आणि गळ्याशी पिवळा पट्टा. लांबी साधारण 35 सेंटिमीटर, त्यातली निम्म्याहून जास्त शेपटीच. उडताना थवा बाणासारखा झाडांच्या शेंड्यांमधून वळणं घेत जातो आणि ‘टुई? टुई?’ असं प्रश्न विचारल्यासारखं ओरडतो. कीर पोपटाच्या किंचाळण्यापुढे हा आवाज फारच गोड.

भारतीय उपखंडाबाहेर तोई सापडत नाही. जागतिक यादीत तो ‘धोक्यात’ या वर्गात नाही, पण संख्या घटते आहे अशी नोंद आहे. आमच्याकडे सुगीत पिकल्या भातावर त्यांचे थवे उतरतात, त्यामुळे गावात कोणाला तो दुर्मीळ वाटत नाही. त्याची घरटी कुठे आहेत हे मात्र विचारलं, तर बोटावर मोजण्याइतकी झाडं लोक दाखवतात.

भीमगड अभयारण्य 2011 मध्ये जाहीर झालं, सुमारे 190 चौरस किलोमीटरचं. आमचं झाड त्याच्या हद्दीबाहेर, मालकी जमिनीत, भातखाचराच्या बांधावर आहे. हे महत्त्वाचं, कारण तोईचा मोठा हिस्सा असाच हद्दीबाहेर पोटापाण्याला येतो आणि पुष्कळदा घरही तिथेच करतो.

झाड

ऐन. कन्नडमध्ये मत्ती. मगरीच्या पाठीसारख्या भेगाळ सालीचं हे झाड आमच्या बांधांवर जुनं आहे. आप्पांच्या आज्जानं ते लावलं नव्हतं, फक्त तोडलं नव्हतं. दरवर्षी भात झोडपून झाल्यावर, डिसेंबरपासून मार्चपर्यंत जमेल तेव्हा, त्याच्या फांद्या राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, आणि गोठ्यात अंथरायला छाटल्या जायच्या. पिढ्यान् पिढ्या छाटलेल्या अशा ऐनाला आडव्या फांद्या उरत नाहीत. खोडाला जागोजागी गुठळ्या येतात.

ढोली तयार होतात त्या या गुठळ्यांमधूनच. फांदी छाटली की जखमेतून पाणी शिरतं, बुरशी लागते, आतलं लाकूड मऊ पडतं. मग कुटुर्गा किंवा सुतार पक्षी तिथे भोक पाडतो, एक-दोन हंगाम वापरतो आणि सोडून जातो. त्यानंतर तोईची जोडी येते, चोचीनं कडा कुरतडून तोंड आपल्या मापाचं करते आणि आत लाकडाच्या भुशावरच अंडी घालते, गवत-काडी काही नाही. अंडी चार ते सहा, पांढरी. उबवायला मादी बसते. आपल्याकडे हा सगळा संसार डिसेंबर ते एप्रिल.

म्हणजे ज्या कोयत्यानं ढोली घडते, तोच कोयता पिल्लांच्या हंगामात फिरत असतो. हा गुंता मला पूर्वी इतका स्पष्ट दिसला नव्हता. अभयारण्यातल्या न छाटलेल्या उंच ऐनांपेक्षा बांधावरच्या या ठेंगण्या, गुठळ्यांच्या झाडांवर ढोली जास्त दिसतात, निदान आमच्या भागात तरी.

आप्पांच्या ऐनाला तेव्हा तीन ढोली होत्या. सगळ्यात खालची माणसाच्या दोन उंचीवर. पोपट त्याच ढोलीत होते.

त्या संध्याकाळी

पिल्लं काढणारा आप्पांचाच पुतण्या, दहावीतला. शहरातून मोटारसायकलवर एक माणूस येऊन सांगून गेला होता की डोंगरी पोपटाची पिल्लं असतील तर घेतो. पैसे किती ठरले होते हे पोरानं आधी एक सांगितलं, मग दुसरं. दोन्ही आकडे शेतमजुरीच्या दिवसापेक्षा बरेच जास्त होते.

आम्हाला कळलं ते शेजारच्या शेतातल्या बाईंमुळे. पोपट झाडाभोवती ओरडत घिरट्या घालताना त्यांनी बघितले आणि माझ्या शाळेतल्या शिपायाला सांगितलं. आम्ही पोचलो तेव्हा पिल्लं बांबूच्या पाटीत, जुन्या बनियनवर होती. साधारण तीन आठवड्यांची असावीत. डोळे उघडलेले, पंखांवर निळसर नळ्यांमधून हिरवी पिसं नुकती फुटू लागलेली, पोट मात्र उघडं, गुलाबी. डोक्यावर रंगाचा पत्ता नव्हता. कोणीतरी दूध-भात भरवला होता आणि एका पिल्लाच्या चोचीच्या कडेला तो वाळून बसला होता. पक्ष्यांना दूध पचत नाही. ते पिल्लू रात्रीत गेलं.

गिऱ्हाईक रंगासाठी पैसे देतं. पिल्लाला तो रंग नसतो. नराचं डोकं जांभळं व्हायला वर्षाहून जास्त लागतं, आणि पिल्लू मादी निघालं तर ते कधीच होणार नाही. त्यातून तोई बोलायला शिकण्यात कीर किंवा करण पोपटाच्या जवळपासही येत नाही. म्हणजे पिंजऱ्यात उरतो तो एक मुका, हिरवा, घाबरट पक्षी. विकणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. आपल्याकडच्या पक्षीबाजारात साध्या कीर पोपटाच्या खांद्याला तांबडा रंग फासून तो करण म्हणून खपवल्याचे प्रकार उघड झालेले आहेत.

त्याच रात्री वनखात्याच्या गार्डला फोन केला. देशी पक्ष्यांचा व्यापार 1990-91 पासून पूर्ण बंद आहे, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यात 2022 च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण कायद्यातली कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट वेगळीच आहे. ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्याची अंडी किंवा घरटं विस्कटणंही येतं. ढोली फोडणं ही कायद्यानं शिकारच.

आणि ढोली फोडलेली होती. पोराचा हात तोंडातून आत जाईना, म्हणून त्यानं कुऱ्हाडीनं कडा उडवली होती. आधी मूठ जेमतेम शिरेल एवढं असलेलं तोंड आता पसरट उघडं खिंडार झालं होतं.

परत ठेवणं

सकाळी गार्ड आला. तो धारवाडकडचा, मराठी समजतं, बोलतो कन्नड. पोराला पंचांसमोर समज दिली, लिहून घेतलं. पिल्लांचं काय, यावर थोडी चर्चा झाली. शहरात नेऊन वाढवावीत असं एकाचं म्हणणं होतं. पण मादी तोई अजून झाडाशी येत होती. पोरानं कबूल केलं की आणखी एक पिल्लू आत खोल भेगेत घसरलं होतं, ते हाताला लागलं नाही. आई-बाप येत असतील, ढोली टिकेल आणि चोवीस तास उलटलेले नसतील, तर पिल्लू परत ठेवण्याइतका चांगला उपाय नाही. माणसाचा हात लागलेलं पिल्लू पक्षी टाकून देतात, हा समज खोटा आहे.

खिंडार बुजवायचं कसं, ही खरी अडचण. चढणारा एकटा पोरगाच होता, म्हणून काम त्याच्याकडेच आलं. वाऱ्यानं पडलेल्या ऐनाच्या फांदीची सालीसकट फळी काढली, काथ्याच्या दोरीनं खोडाला बांधली, वरच्या बाजूला जुन्या मापाचं भोक ठेवलं. फटीत चिकणमाती भरली, पण ती ऊन लागताच भेगाळली. मग आप्पांच्या घरच्यांनी सुचवलं तसं शेण आणि भाताचं तूस मिसळून लिंपलं. ते धरून राहिलं. खिळा एकही मारला नाही.

आम्ही बांधाच्या पलीकडे जाऊन बसलो. मादी आधी वरच्या गुठळीवर बसली, मग फळीवर, मग तिरकी मान करून भोकात डोकावली आणि पुन्हा उडाली. दोनदा असं झालं. तिसऱ्यांदा आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. गार्डनं घड्याळ बघितलं, चहा मागितला.

झाड का तोडायचं होतं

चार-पाच दिवसांनी कळलं की आप्पा ऐन विकताहेत. लाकडाचा व्यापारी येऊन सौदाही करून गेला होता. मालकी जमिनीतलं झाड तोडायलाही 1976 च्या कर्नाटक वृक्ष संरक्षण कायद्याखाली वनखात्याची परवानगी लागते. अर्जाचं मी बघतो, असं व्यापाऱ्यानं सांगितलं होतं.

मी समजून चाललो होतो की भाताच्या नुकसानीचा राग असेल. तसं काही नव्हतं. “डुकरापुढं आणि गव्यापुढं पोपट काय खातंय, सर,” असं म्हणून आप्पांनी तो विषयच उडवून लावला. कारण दुसरंच होतं.

“फारेस्टवाल्यांनी एकदा वहीत लिवलं की झाड आमचं ऱ्हात न्हाई. आज झाड, उद्या शेत. झाड गेलं की किरकिर मिटतीय.”

ही भीती शहरात बसून हसण्यावारी नेण्यासारखी नाही. भीमगडच्या आतल्या गावांच्या स्थलांतराची बोलणी या भागात प्रत्येक चहाच्या टपरीवर वर्षानुवर्षं चालू आहेत. आप्पांचं गाव त्यात नाही, पण त्यांचे पाहुणे आहेत. सरकारी कागद येतो तो कन्नडमध्ये, घरात वाचता येतं ते मराठी. अंगठा कशावर उठला हे नंतर दुसऱ्याकडून कळतं. अशा घराला गार्डची मोटारसायकल दारात उभी राहणं म्हणजे काय वाटत असेल ते आप्पांच्या घरचे बोलले नाहीत तरी दिसत होतं. पोपटांना वाचवायला आम्ही ज्याला बोलावलं, त्याच्याच येण्यानं झाड जायची पाळी आली होती. बोलावणं चूक नव्हतं, कायद्यानं ते करायलाच हवं होतं. पण बोलावून घरी निघून जाणं पुरेसं नव्हतं.

दोन गोष्टींनी सौदा मोडला, आणि त्यातली एकही आमच्या पक्षीप्रेमाच्या भाषणानं झाली नाही.

पहिली, गार्ड पुन्हा आला आणि आप्पांशी अर्धा तास बोलला. मी मध्ये दुभाष्या. घरटं सापडल्यानं जमिनीचा उतारा बदलत नाही, झाड मालकाचंच राहतं, नोंद झाली ती पिल्लांची आणि पोराच्या जबाबाची, हे त्यानं कागद दाखवून सांगितलं. आप्पांनी तो कागद माझ्याकडून मराठीत दोनदा वाचून घेतला.

दुसरी गोष्ट गावातल्या सुताराची. व्यापाऱ्यानं दिलेला भाव सरळ, भरीव ऐनाचा होता, पण माप घ्यायचं ठरलं होतं झाड आडवं झाल्यावर. सुतारानं कुऱ्हाडीच्या तुंब्यानं खोड खालपासून वर ठोकत नेलं आणि म्हणाला, “कमरेच्या वर पोकळ हाय. ह्यात फळी निघत न्हाई, जळण निघतंय.” म्हणजे झाड पडल्यावर व्यापारी भाव पाडणार, आणि तेव्हा ते परत उभं करता येणार नाही. आप्पा हिशेबी माणूस. दुसऱ्या दिवशी त्यांनी व्यापाऱ्याला नाही कळवलं.

ज्या पोकळीसाठी तोई येतो, तीच लाकडाच्या बाजारात झाडाची किंमत पाडते. मालकाला हे वेळेत कळलं तर जुनं झाड वाचायची बरीच शक्यता असते. आमच्या भागात पक्षी वाचवायला निघालेल्या कोणाही माणसानं सोबत एक जुना सुतार घ्यावा, असं माझं मत झालं आहे.

छाटणीचं

छाटणी सोडायला आप्पा तयार नव्हते, आणि मी तसं सुचवलंही नाही. छाटणी थांबली तर सावली वाढून भात दबेल आणि झाड पुन्हा डोळ्यांत येईल. शिवाय नव्या ढोली घडायच्याही थांबतील. प्रश्न वेळेचा होता. डिसेंबरच्या आधी, म्हणजे नोव्हेंबरात पाला तोडला तर राबाला वाळायला भरपूर वेळ मिळतो आणि पोपटांनाही धक्का लागत नाही.

यावर आप्पांचं उत्तर मला निरुत्तर करणारं होतं. “सुगीत कुणाचा हात रिकामा असतोय? भात कापू का पाला तोडू?”

शेवटी ठरलं ते असं. ढोलींच्या बाजूच्या फांद्या भात कापायच्या आधीच, पाऊस उघडल्यावर छाटायच्या, तेवढ्यासाठी एका माणसाची मजुरी आम्ही तिघं मित्र मिळून देणार. शेताकडच्या, ढोली नसलेल्या बाजूच्या फांद्या आप्पा नेहमीसारख्या सवडीनं छाटणार. गुठळी मुळापासून उडवायची नाही, वीतभर खुंट ठेवायचा. कागदावर काही लिहिलं नाही. आप्पांना कागद नको होता, आणि का नको होता ते वर आलंच आहे.

पुढे काय झालं

त्या हंगामात मार्चअखेरीस ढोलीच्या तोंडाशी दोन पिल्लं बसलेली दिसली, हिरव्या डोक्यांची, पिवळसर चोचींची. तिसरं आत होतं की आधीच उडालं, की जगलंच नाही, हे दिसलं नाही.

फळी पावसाळ्यात टिकली, पण पुढच्या हिवाळ्यात तिथे साळुंकी घुसली. शेण-तुसाचं लिंपण कडेला झडलं होतं आणि तोंड पुन्हा रुंद झालं होतं. रुंद तोंडाची ढोली तोईच्या कामाची राहत नाही. साळुंकी तिथे दांडगाई करते, घोरपड आणि उदमांजर सहज हात घालतात. तोई त्या वर्षी वरच्या, तिसऱ्या ढोलीत बसले. तीच जोडी होती का हे सांगणं शक्य नाही. मधली ढोली रिकामीच आहे. तिच्यात पाणी साचतं असा माझा अंदाज आहे.

पिल्लं काढली तर एका हंगामाचं नुकसान होतं. जोडी जगली तर पुढच्या वर्षी पुन्हा अंडी घालते. कुऱ्हाडीनं तोंड फोडलं की मात्र ती ढोली तोईच्या हिशेबातून जाते, आणि तशी दुसरी व्हायला बुरशी, कुटुर्गा आणि कोयता यांना मिळून कित्येक वर्षं लागतात. आमच्याकडे जनजागृतीच्या फलकांवर पिंजऱ्याचं चित्र असतं. मला विचाराल तर त्यावर फोडलेली ढोली हवी. पिंजऱ्यातला पोपट बघून लोक हळहळतात, फुटक्या ढोलीकडे कोणी बघतही नाही.

पुतण्या बारावीनंतर कामाला गोव्यात गेला. आमच्या भागातली निम्मी पोरं जातात तशी. आता झाडावर चढणारा गावात कोणी उरलेला नाही, त्यामुळे छाटणीची मजुरी वाढली आहे आणि माणूस नंदगडकडून बोलवावा लागतो. पलीकडच्या दोन शेतांत भाताऐवजी ऊस आला. उसाला बांधावरची सावली चालत नाही, तिथली किंदळाची दोन झाडं गेली. त्यांच्यात ढोली होत्या का, हे बघायला आम्ही उशिरा पोचलो असं नाही, आम्हाला कळलंच नाही.

यंदाची आगाऊ छाटणी अजून व्हायची आहे. आप्पांनी दोन फांद्या ठेवायचं मान्य केलंय. तिसरी शेजाऱ्याच्या शेतावर गेली आहे, तिच्यावर हक्क त्याचा, आणि तो ती येत्या आठवड्यात तोडणार आहे. दुर्बिणीनं बघून घेतलं, तिच्यात भोक नाही.